ओट्याचा डावा कोपरा

स्वयंपाकाचा ओटा सजवतात, ही गोष्ट मला दाताच्या डॉक्टरकडे कळली. आत कुणाची तरी दाढ निघत होती. बाहेर मी माझ्या दाढेवर हात ठेवून एक जुनं मासिक चाळत होतो आणि मधल्या पानावर तो ओटा होता. लांबलचक, पांढरा, चकचकीत. त्यावर एक लाकडी ट्रे, ट्रेमध्ये एकसारख्या पांढऱ्या बरण्या, भिंतीला टेकवलेली एक फळी आणि टोकाला कुंडीत हिरवंगार नेचं. वरच्या कपाटाखालून मंद दिवे. गॅसही होता, पण त्यावर कधी काही उतू गेलं असेल असं वाटत नव्हतं. फोटोतल्या बाई हातात एक लिंबू धरून हसत होत्या. त्यांच्याकडे बघून माझी खात्री पटली, की यांचं घरात यजमानांशी बोलणं चालू आहे.

आमच्याकडे अबोला होता.

कारण सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते वाचणाऱ्यानंच ठरवावं. मेव्हणीकडे जेवायला गेलो होतो. ताटं वाढून झाली तशी मेव्हणी बायकोला म्हणाली, "ताई, तू लेकीच्या बाळंतपणाला जाणार, मग भाओजींच्या जेवणाखाण्याचं काय गं?" त्यावर आमची ही भात कालवता कालवता म्हणाली, "त्यांचं काय सांगू! घरात मीठ कुठे असतं तेसुद्धा त्यांना माहीत नाही."

सगळे हसले. साडू तर ठसका लागेपर्यंत हसला, आणि या गृहस्थाला स्वतःच्या घरातलं पंख्याचं बटण सापडत नाही. आता मी कोण? शहराच्या बांधकाम परवानगीच्या ऑफिसात इतकी वर्षं काढलेला माणूस. लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे माझ्या टेबलावरून पुढे जातात. ओटा कुठे, मोरी कुठे, खिडकी केवढी, यावर मी हरकत काढली की भल्या भल्या बिल्डरांच्या तोंडचं पाणी पळतं. अशा माणसाला मीठ माहीत नाही? मी ताट संपवलं, हात धुतले आणि बोलणं बंद केलं.

लग्न जुनं झालं की अबोल्यालासुद्धा शिस्त येते. चहा मिळतो, कपडे इस्त्रीला जातात, दुधाची पिशवी आत येते, फक्त तोंडं बंद असतात. अगदीच अडलं तर लेकीला फोन करायचा आणि म्हणायचं, "आईला सांग, गॅसवाला येऊन गेला." मग लेक तिकडून वैतागून म्हणते, "बाबा, ती तुमच्या शेजारीच बसलीये ना?" असते बसलेली, पण म्हणून काय झालं?

आणि अबोला मिटवायचीही आमची एक रीत आहे. ओट्याचा डावा कोपरा, खिडकीखालचा, आम्ही कायम मोकळा ठेवतो. ज्याला मिटवायचं असेल त्यानं तिथे काहीतरी आणून ठेवायचं. दुसऱ्यानं ते उचलून वापरलं की भांडण संपलं. माफी नाही, खुलासा नाही, 'तेव्हा तू असं म्हणाली होतीस' नाही. एकदा मी तिथे तिचा मोडलेला चष्मा दुरुस्त करून ठेवला होता. एकदा तिनं माझ्या आवडीच्या बिस्किटांचा पुडा ठेवला होता आणि तो मी आधी तासभर न बघितल्यासारखं करून मग निम्मा संपवला होता. कोर्टकचेऱ्यांनी शिकावी अशी ही पद्धत आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या खेपेला मात्र गाडं अडलं होतं. अपमान माझा झालेला, तेव्हा मी काही ठेवणं शक्य नव्हतं. कोपरा रोज रिकामा दिसत होता. आणि रविवारी तिची गाडी होती. लेकीकडे ती तीन महिने राहणार होती, आणि ती अशीच, न बोलता, गाडीत बसून गेली असती तर? फोनवर आम्हाला दोघांनाही बोलता येत नाही. एका घरात गप्प असलो तरी निदान भांड्यांचे आवाज येतात. मला भीती वाटत होती, हे इथे लिहून टाकतो. तेव्हा ते मी कुणाला सांगितलं नसतं.

तर त्या मासिकानं मला वाट दाखवली. मिठाचं उत्तर मी अख्ख्या ओट्यानं देणार होतो. ती दुपारी शिवणवर्गातून परत येईल, स्वयंपाकघराच्या दारात थबकेल, आणि तिच्या तोंडून 'अहो' निघेल. एवढंच. 'अहो' निघालं की पुढचं मी सांभाळलं असतं. माझा अपमानही धुऊन निघाला असता आणि मला वाकावंही लागलं नसतं. मी ऑफिसातून आठवड्याची रजा टाकली आणि ते पान, डॉक्टरांची माफी मागून, फाडून आणलं.

ट्रे आणला, फळी आणली, पांढऱ्या बरण्या आणल्या. घरातल्या डब्यांतून मिळेल ते त्या बरण्यांत ओतलं आणि डबे माळ्यावर टाकले. हे चाललेलं असताना समोरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि आमचं दार उघडं दिसलं की त्यांना तासाची घंटा झाल्यासारखं वाटतं.

"चिठ्ठ्या लावा हो बरण्यांना," त्या म्हणाल्या.

"फोटोत चिठ्ठ्या नाहीत."

"अहो, पण साखर कुठली आणि रवा कुठला, कळणार कसं?"

"बाई, सजावटीत सगळंच कळून चालत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला त्याच वेळी सुचलं होतं आणि बरंही वाटलं होतं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघताना त्या असंच बघत असणार.

"घरात अजून मिठाची गुळणीच का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तसं काही नाही," मी म्हणालो आणि नेचं आत घेतलं.

नेच्याला उजेड लागतो, असं रोपवाल्यानं बजावलं होतं, आणि आमच्या ओट्यावर उजेड डाव्या कोपऱ्यात येतो. कुंडी तिथे बरोब्बर बसली. कोपरा तसाही रिकामाच होता.

बायको आली. दारात थबकली, इथवर माझा अंदाज चुकला नाही. तिनं ट्रेकडे बघितलं, बरण्यांकडे बघितलं आणि नेच्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिली. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो आणि कान आत होते. 'अहो' आलं नाही. नळ सुरू झाला, बंद झाला आणि कुकर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेच्या ऐन मधोमध एक बरणी. आमच्याच घरातली, तपकिरी, चिनीमातीची, कडेला टवका उडालेली, आणि झाकण मूळचं दुसऱ्याच कुठल्या तरी बरणीचं. पांढऱ्या बरण्यांच्या रांगेत ती अशी उभी होती, जसा लग्नाच्या फोटोत एखादा रस्त्यानं जाणारा माणूस. मी ती उचलली आणि कपाटात आत सारली. तिसऱ्या दिवशी ती फळीपुढे उभी. मी पुन्हा आत ठेवली. चौथ्या दिवशी नेच्याच्या कुंडीला खेटून. आता मला राग आला. एवढ्या हौसेनं माणूस काही करतोय, बोलायचं नसेल तर नका बोलू, पण रोज उठून त्याच्या कामात हे टवके उडालेलं भांडं आणून उभं करायचं? हा उघड उघड निषेध होता. मीही हट्टाला पेटलो. ती बरणी मी कपाटात वरच्या फळीवर, पार मागे ठेवली. आत काय आहे हे मी बघितलं नाही. निषेधाचं झाकण उघडून कोण बघतं?

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आई म्हणते, ओट्यावर आता जागाच उरली नाही."

"कशाला जागा हवी तिला?"

"ते मला काय माहीत? एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. बाबा, तुम्ही बोला ना तिच्याशी. मला इथे हे असं नको वाटतं हो."

लेकीचा आवाज जरा ओला झाला होता. मी म्हणालो, "आईला सांग, अजून दिवे बसायचेत. ते बसले की बघ." आणि फोन ठेवला. मला तेव्हा खरंच वाटत होतं, की अडलंय ते दिव्यांपाशीच.

दिव्यांसाठी वरच्या कपाटाखाली भिंतीला भोकं पाडायला हवी होती, आणि भोकं पाडायला सोसायटीची परवानगी. आमचे सेक्रेटरी साधे गृहस्थ होते, पण काही वर्षांपूर्वी त्यांनी बाल्कनी बंद करण्याचा नकाशा आमच्या ऑफिसात दिला होता आणि माझ्या हातून त्यावर हरकत निघाली होती. हरकत नियमाप्रमाणेच होती. तेही आता नियमाप्रमाणेच वागले.

"भोक म्हणजे दुरुस्ती धरायची की बांधकाम?" त्यांनी विचारलं.

"भोक म्हणजे भोक."

"असं कसं? दुरुस्ती असेल तर नुसता अर्ज. बांधकाम असेल तर खालच्यांची संमती हवी. तुम्हाला मी काय सांगायचं, साहेब, तुम्ही याच खात्यातले."

ते 'साहेब' ज्या सुरात आलं तो मी अजून विसरलो नाही. खालच्या मजल्यावरचे काका सगळ्यालाच संमती देतात, पण देण्याआधी विषय समजून घेतात. त्यांनी ओटा म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. दिवे कशाला, वरचा बल्ब जळतो ना, रात्री ओट्यावर कोण बसतं, असं विचारत विचारत ते शेवटी म्हणाले, "हरकत नाही. फक्त पाइप सांभाळा."

"काका, नकाशा माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "त्या भिंतीत पाइप नाही."

वायरमननंही तेच विचारलं, तेव्हा मी त्याला नकाशा उलगडून दाखवला. आमच्याच ऑफिसातून मंजूर झालेला, शिक्क्यासकट. "नकाशात नाही ना? मग झालं," तो म्हणाला आणि त्यानं यंत्र लावलं. आम्हा दोघांचाही सरकारी कागदावर सारखाच विश्वास होता.

पाणी आधी सरळ आलं आणि मग चहूकडे. ट्रे तरंगला. वायरमननं अंगठा भोकावर दाबून धरला आणि मला म्हणाला, "साहेब, मेन नळ बंद करा!" मेन नळ कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. समोरच्या बाई धावत आल्या आणि त्यांनी तो आमच्याच न्हाणीघरात दाराच्या मागे बंद केला. तोवर भिंतीवरची एक फरशी फुटून खाली आली होती, पांढऱ्या बरण्यांतल्या एकीत पाणी शिरून आतल्या जिनसाचा लगदा झाला होता आणि खालच्या काकांच्या स्वयंपाकघरात छतातून गळायला लागलं होतं. काका वर येऊन दारात उभे राहिले. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "नकाशात नव्हता का?" याच्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

बायको आली तेव्हा मी गुडघ्यावर बसून फडक्यानं पाणी टिपत होतो. तिनं पदर खोचला, दुसरं फडकं घेतलं आणि शेजारी बसून टिपायला लागली. आमची फडकी एकाच बादलीत पिळली जात होती. तेव्हा मी बोलायला हवं होतं, शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आले होते. पण गुडघ्यावर बसून, ओल्या पायजम्यात, काय बोलणार? माणसाला काही प्रतिष्ठा आहे की नाही? मी बादली उचलून मोरीत ओतली आणि परत आलो तोवर ती उठून गेली होती.

फुटलेल्या फरशीपुढे मी फळी टेकवून ठेवली. सेक्रेटरींनी निरोप पाठवला, की शनिवारी संध्याकाळी समिती येऊन भिंतीची पाहणी करेल. समिती म्हणजे ते स्वतः आणि खालचे काका.

शुक्रवारी ती तपकिरी बरणी ओट्यावर आली नाही. शनिवारीही नाही. ट्रे नीट, फळी नीट, नेचं आपल्या कोपऱ्यात. अखेर मी जिंकलो होतो. मी ओट्यापुढे उभा राहून ते सगळं बघितलं, फोटो शेजारी धरून बघितलं, आणि मला काहीच आनंद झाला नाही. आतल्या खोलीत ती बॅग भरत होती. साड्यांच्या घड्या घातल्याचा आवाजसुद्धा इतका ऐकू येतो हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी शेवटचा उपाय काढला. स्वयंपाक. तिच्या जाण्याआधीचं जेवण मी करणार, या ओट्यावर, माझ्या हातानं. मग बोलेल. बोलावंच लागेल, निदान 'कच्चं आहे' एवढं तरी. मी बटाटे चिरले, कांदा चिरला, कढई चढवली, आणि फोडणी तडतडत असतानाच समिती आली. मागोमाग समोरच्या बाई. त्या समितीत नव्हत्या, पण त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

"चालू द्या तुमचं," सेक्रेटरी म्हणाले आणि फळी बाजूला करून भोकाकडे बघायला लागले. खालचे काका कढईकडे बघायला लागले. मी बटाटे परतले, झाकण ठेवलं, झाकण काढलं, आणि मीठ घालायला पहिली पांढरी बरणी उघडली.

रवा निघाला. दुसरीत पांढरंशुभ्र, बारीक. मी चमचाभर घातलं आणि मग बोट चाटलं, ती पिठीसाखर होती. तिसरीत तांदळाचं पीठ. चौथीत तो लगदा, अजून ओला. पाचवी मी उघडून नुसता उभा राहिलो, कारण तिच्यात काय आहे ते मला चाखूनही कळेना.

सेक्रेटरी भोकाकडे बघायचे थांबले.

"काय शोधताय?" खालच्या काकांनी विचारलं. त्यांना विषय समजून घ्यायचा होता.

समोरच्या बाईंना मात्र कळलं होतं. मेव्हणीकडचं ते बोलणं त्यांच्यापर्यंत कधीच पोचलं असणार. त्या अगदी जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडून चिमूटभर आणून देऊ? पटकन? कुणाला कळायचं नाही."

हे मी कधी विसरणार नाही. वाट समोर होती. दार ओलांडून चार पावलं, वाटीत मीठ, आणि माझी मान ताठ. भाजी झाली असती, जेवणं झाली असती, आणि उद्या सकाळी ती गाडीत बसली असती. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. एकदा अडकली, पुन्हा मागे घेतली, आणि मग शेवटपर्यंत गेली.

"नको," मी बाईंना म्हणालो.

मग मी कढईखालचा गॅस बारीक केला, दाराकडे तोंड केलं, आणि सेक्रेटरी, खालचे काका आणि निवृत्त शिक्षिका यांच्यादेखत, कुणालाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अगं, मीठ कुठे आहे?"

सेक्रेटरींना हसू फुटणारच होतं. बाईंनी वळून त्यांच्याकडे असं बघितलं, की ते तोंडातच राहिलं.

ती दारात आली. हातात अजून एक घडी घातलेला टॉवेल होता. तिनं उघड्या बरण्यांकडे बघितलं, कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हसेल. हसली असती तर मी काही बोललो नसतो, तिचा हक्कच होता. ती हसली नाही. पुढे आली, माझ्या कोपराला लागून गॅसशेजारी भिंतीत जो छोटा कोनाडा आहे त्यात हात घातला आणि ती तपकिरी बरणी काढली. टवका उडालेली. मी कपाटात मागे दडवलेली ती तिनं केव्हाच परत जागेवर आणली होती; लग्न झाल्यापासून ती तिथेच असते, हे मला मागाहून कळलं.

बरणी तिनं माझ्या हातात दिली नाही. टॉवेल खांद्यावर टाकला, नेच्याची कुंडी उचलून खाली जमिनीवर ठेवली, कुंडीखालचं ओलं वर्तुळ पुसलं, आणि त्या जागी बरणी ठेवली.

"रोज समोर ठेवत होते," ती म्हणाली. आवाज बारीक होता आणि त्यात टोमणा नव्हता. "रोज तुम्ही उचलून आत ठेवत होतात."

ट्रेच्या मधोमध, फळीपुढे, कुंडीला खेटून. कोपरा मी अडवला होता, म्हणून बिचारी जागा शोधत फिरत होती. मेव्हणीकडे ती जे बोलली होती तेच तिनं बरणीत भरून माझ्यापुढे आणून ठेवलं होतं, की घ्या, हे इथे असतं, आता राग सोडा. आणि मी ते एकदा नाही, रोज नेमानं नाकारलं होतं, तेही झाकण न उघडता. "अगं, मला वाटलं..." मी सुरुवात केली आणि थांबलो. खुलासा द्यायचा नाही, हा नियम आहे.

मी कोपऱ्यापाशी गेलो, ते परकं झाकण उघडलं आणि मीठ घेतलं. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, कांदा बराच चिरला होता. पहिली चिमूट कढईत गेली. दुसरी गेली. मग चिमटीनं भागेना, म्हणून मी मूठच भरली.

"अहो!" ती ओरडली आणि तिनं माझं मनगट धरलं. "अहो, पुरे, किती घालाल!"

खालच्या काकांनी विचारलं, पाहणी आत्ता करायची की जेवणं झाल्यावर. तिनं सगळ्यांनाच जेवून जायला सांगितलं. मी बरणीचं झाकण लावलं आणि ती होती तिथेच, डाव्या कोपऱ्यात, राहू दिली.